चौथा स्नायू

जयसिंगपूरच्या नवतरुण व्यायामशाळेत एकही नवतरुण उरलेला नव्हता. नाव ठेवणारे तेव्हा विशीत होते. आता उठताना त्यांचेच गुडघे कुरकुरत होते. गावातली खरी तरुण पोरं बायपासवरच्या थंडगार जिममध्ये जात. तिथं वजन यंत्रच धरतं, यंत्रच मोजतं आणि शाबासकीही यंत्रच देतं. नवतरुणमध्ये मात्र तेच पत्र्याचं छप्पर, तेच दोन बाक, त्याच गंजक्या प्लेटा आणि रोज सकाळी न चुकता येणारी तीच दहा-बारा टकली.

त्यातल्या भिंतीकडच्या बाकावर भरतेश चौगुले उताणा पडायचा आणि त्याच्या डोक्याशी सिकंदर जमादार उभा राहायचा. हे किती वर्षं चाललं होतं ते दोघांनाही धड सांगता आलं नसतं. भरतेशचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, ते आता मुलगा बघत होता. सिकंदर एसटी स्टँडजवळच्या आपल्या दुकानात गाड्यांच्या उतरलेल्या बॅटऱ्या काढून भरलेल्या बसवून द्यायचा. दोघंही साठी ओलांडलेले. भरतेश उंच, रुंद आणि स्वतःच्या छातीवर भलताच खूश. सिकंदर किडकिडीत, पण त्याची बोटं म्हणजे पक्कड.

बाकावर उताणं पडायचं, रॉड छातीला टेकवायचा आणि वर रेटायचा. बेंच प्रेस म्हणजे काय हे आता शेंबडं पोरही सांगेल. नवतरुणची एक रीत मात्र बाहेरच्यांना ठाऊक नव्हती. रॉड अर्ध्यावर अडला, की डोक्याशी उभा असलेला माणूस खालून दोन बोटं लावायचा आणि म्हणायचा, "तुझंच हाय, तुझंच हाय." रॉड कडीवर बसला की तो दोन्ही हात वर करून दाखवायचा, मी नुसतं बोट लावलं. हे बोट लावणं कुणी मोजत नसे. पंगतीत 'नको, नको' म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक लाडू पडतो, तो कधी कुणी मोजलाय का? तसंच ते. त्यात कुणाला लबाडी वाटत नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती नव्हतीही.

फक्त सिकंदरची गोष्ट वेगळी होती. त्याची बोटं गेली दोन वर्षं नुसती लागत नव्हती, ती ओढत होती.

भरतेशची बायको पद्मजा गेली, त्यानंतर भरतेशने व्यायामशाळा सोडली, मग दुकान सोडलं, मग जेवणही सोडल्यात जमा झालं. दुकानाच्या मागच्या खोलीत खतांच्या पोत्यांकडे बघत बसायचा. शेवटी सिकंदरने त्याला एका सकाळी जवळपास उचलूनच गाडीवर घातलं आणि नवतरुणमध्ये आणलं. भरतेशने रॉडला पूर्वीसारखे शंभर किलो लावले. सिकंदर म्हणाला, आज जरा कमी लाव. ऐकेल तो भरतेश कसला! रॉड खाली आला आणि छातीवरच बसला. भरतेशने मान मागे करून सिकंदरकडे पाहिलं. त्या नजरेत 'आता हेही गेलं' एवढं स्वच्छ दिसत होतं. सिकंदरच्या बोटांनी त्याला विचारलंही नाही. ती वळली आणि रॉड वर गेला.

"गेला?" भरतेशने विचारलं.

"गेला की," सिकंदर म्हणाला. "मी नुसतं बोट लावलं."

त्या दिवशी भरतेशने घरी जाऊन दुसरी भाकरी मागून घेतली. सुनेने फोन करून सिकंदरला ते सांगितलं आणि सांगता सांगता ती रडली. आता तुम्हीच सांगा, यानंतर सिकंदरने बोटं कशी सोडायची? रोज शंभर वर जायचे, रोज भरतेश भाकरी खायचा, दुकानात बसायचा, गिऱ्हाइकांशी भांडायचा. गाडी रुळावर होती. सिकंदरची कंबर तेवढी अधूनमधून धरायची. बायको रेहाना रोज बाम चोळायची आणि भरतेश त्याला वर टोमणे मारायचा, नुसता उभा राहतोस, जरा व्यायाम कर की लेका.

आणि मग ईशानी मगदूम आली.

ईशानी मूळची इकडचीच, उदगावची, पण पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काम करणारी. त्या वर्षी सरकारने गावोगावी साठी ओलांडलेल्यांसाठी बळवर्ग काढले होते. त्यामागचा हिशेब सरळ होता. म्हातारपणी माणूस अंथरुणाला खिळतो तो बहुतेक वेळा पडून, आणि पडतो तो स्नायू झिजल्यामुळे. स्नायू टिकवायचे तर वजन उचलायला हवं. पण कुणी, किती आणि कसं, हे प्रत्येकाला सांगणार कोण? त्यासाठी ईशानीच्या संस्थेने एक बनियन तयार केलं होतं.

दिसायला साधंच, राखाडी रंगाचं. कापडात केसासारख्या बारीक धातूच्या तारा विणलेल्या. स्नायू आवळला की त्यात किंचित वीज खेळते आणि तो किंचित थरथरतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पूर्वी ती वीज टिपायला अंगभर चकत्या चिकटवाव्या लागत, आणि तरी स्नायू किती जोर लावतोय ते नेमकं कळत नसे. या बनियनला ती वीजही कळायची, थरथरही कळायची आणि दोन्हींवरून ते हिशेब मांडायचं, की उचललेल्या वजनातले छातीचे इतके किलो, खांद्याचे इतके, दंडाच्या मागच्या स्नायूचे इतके. टॅबवर तीन रंगांचे तीन खांब दिसायचे. तिघांची बेरीज रॉडवरच्या वजनाइतकी यायला हवी.

ईशानीला तपासायचं होतं ते रॉड कुठं धरावा हे. तिने नवतरुणमध्ये म्हाताऱ्यांना गोळा करून समजावलं. पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरली तर काही वाटत नाही, तीच हात लांब करून धरली तर खांदा तुटायला होतो. बादली तेवढीच, अंतर वाढलं. रॉडचं तसंच आहे. हात एकमेकांपासून लांब ठेवले तर छातीवर काम येतं, रॉडला जायचं अंतरही कमी, पण खांद्याच्या सांध्यापासून वजन दूर गेल्यामुळे तिथला ताण वाढतो. हात खांद्यांइतक्या अंतरावर आणले तर कोपर जास्त वाकतं आणि दंडाचा मागचा स्नायू कामाला लागतो. तरुण माणसाला काहीही चालतं. वय झालेल्या खांद्याला कुठली पकड मानवते, तेवढंच शोधायचं.

भरतेश आयुष्यभर रुंद पकडीचा माणूस. आखूड पकडीला तो 'पोळी लाटायची पकड' म्हणायचा. त्याने बनियन चढवलं, रुंद पकडीत शंभर किलो घेतले, सिकंदरने सवयीने बोटं लावली, रॉड गेला. ईशानीचे डोळे टॅबवर होते. तिन्ही खांबांची बेरीज आली शहाऐंशी.

चौदा किलो कुठून आले, ते बनियनला कळेना. त्याने चौथा, करड्या रंगाचा खांब काढला आणि त्याखाली लिहिलं, 'अज्ञात'.

तिला वाटलं बनियन बिघडलं. दुसरं आणलं. पुन्हा तेच. मग तिने बाकीच्या टकल्यांना घातलं. कुणाचे दोन किलो अज्ञात, कुणाचे तीन. पुण्याच्या प्रयोगशाळेत शेकडो जणांवर चाचणी झाली होती, तिथं कधी एक किलोही असा शिल्लक राहिला नव्हता. गंमत म्हणजे भरतेशला आखूड पकडीने ऐंशी उचलायला लावले तेव्हा करडा खांब आलाच नाही. रुंद पकडीत, आणि तोही शेवटी शेवटी, जोर संपायच्या वेळी येई. ईशानीने सगळ्यांना एकदा स्पष्ट विचारलं, की वजन उचलताना दुसऱ्या कुणाची मदत होते का?

"छे," सगळे एका सुरात म्हणाले. आणि मनापासून म्हणाले, बरं का. बोट लावणं ही मदत असते हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. सिकंदरने तर तिला दोन बोटं करूनही दाखवली, हे एवढंच. खरं त्याला ठाऊक होतं, पण समोर भरतेश उभा होता.

प्रयोगशाळेत वजनाला पोलादी चौकट असते, डोक्याशी माणूस नसतो, हा फरक ईशानीच्या लक्षात आला नाही. आपल्या माणसांचा शब्द तिने खरा धरला आणि तिथून पुढं तर्क केला. वर्षानुवर्षं एकाच पकडीत सराव केला तर शरीर एखादा खोलवरचा स्नायू कामाला जुंपत असेल, जो बनियनच्या तारांना अजून ओळखता येत नाही. तसं असेल तर म्हाताऱ्यांनी रुंद पकडच घ्यावी, वरचा भार तो स्नायू सांभाळेल. तर्क वाईट नव्हता. शास्त्रज्ञही आपल्यासारखीच माणसं, हाती लागलेल्या आकड्यावर जीव जडतोच.

जिल्ह्याच्या पेपरात बातमी आली, भरतेशचा बनियन घातलेला फोटो आला. भरतेशचे पाय आठवडाभर जमिनीला लागले नाहीत. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो छातीवर हात ठेवून सांगायचा, की इथं कुठंतरी आहे तो चौथा. एकदा सिकंदरला म्हणाला, पद्मी असती तर म्हणाली असती, मला आधीच ठाऊक होतं हे येगळंच पात्र हाय. म्हणता म्हणता हसला. पद्मजाचं नाव काढून तो हसला हे सिकंदर दोन वर्षांत पहिल्यांदा बघत होता. त्याला आनंद झाला आणि लगेच धसकाही बसला. आता सांगायचं कसं? सांगितलं तर भरतेशचे शंभर जाणार, आणि शंभरांबरोबर भरतेश पुन्हा त्या पोत्यांसमोर जाऊन बसणार. यापुढं तोंड उघडायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं.

ठरवलेलं टिकलं असतं, पण रेहाना बळवर्गाला जायला लागली.

बायकांचा वर्ग शाळेच्या सभागृहात संध्याकाळी भरायचा. रेहाना आधी नको नको म्हणत होती, मग तिला त्याची गोडीच लागली. रॉड साधा हलका, वर दोन छोट्या प्लेटा. एके दिवशी ती घरी आली ती उजवा हात पोटाशी धरून. सिकंदर भाजी निवडत बसला होता. त्याने विचारलं तर म्हणाली, काही नाही, आज वर्गाच्या बाईंनी पकड बदलायला सांगितली.

"पुण्याहनं नवीन सूचना आलीय म्हणं," रेहाना म्हणाली. "हात लांब लांब धरायचे. सुरवातीला खांद्याला लागतं, पण मग तो चौथा स्नायू उचलतो. भरतेशभाऊजींचाच म्हणं तो. माझा काय अजून उगवला न्हाई बाई."

ती हसत होती, आणि ओढणी सारखी करायला तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

सिकंदरने भाजीचं ताट बाजूला ठेवलं. बामाची बाटली आणली. रोज ती त्याच्या कंबरेला चोळायची, आज तो तिच्या खांद्याला चोळत बसला. तिने सांगितलं, वर्गातल्या आणखी दोघींचाही खांदा धरलाय. त्यातली एक एकटीच राहते, ती म्हणाली आता पाण्याची कळशी कशी उचलू. रेहाना बोलत होती आणि सिकंदर मनात हिशेब लावत होता. त्याच्या दोन बोटांनी त्याच्याच बायकोचा खांदा दुखावला होता. त्या एकट्या बाईच्या डोक्याशी कोण उभं राहणार होतं? तिथं चौदा किलो ओढायला सिकंदर नव्हता, कुणीच नव्हतं.

रेहानाला त्याने काही सांगितलं नाही. सांगायचं होतं ते आधी भरतेशला. पण रात्रभर शब्द जुळवूनही एक वाक्य धड होईना. 'तुझे शंभर खोटे' हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

सकाळी तो व्यायामशाळेत गेला आणि सरळ ईशानीला म्हणाला, "पोरी, एक बनियन मला पण दे."

ईशानीला नवल वाटलं. भरतेश तर खो खो हसला. म्हणाला, तुझं काय मोजणार, बोटं? सगळी टकली हसली. सिकंदरही हसल्यासारखं करत बनियन चढवू लागला. ते त्याला ढगळ होत होतं. ईशानीने मागच्या पट्ट्या आवळल्या, टॅबवर दुसऱ्या माणसाचा रकाना उघडला. भरतेश बाकावर पडला, रुंद पकड घेतली, रॉड खाली आणला. वर जाताना तो नेहमीच्या जागी अडला. सिकंदरने नेहमीसारखी बोटं लावली आणि ओढला.

"तुझंच हाय" म्हणायला मात्र त्याचं तोंड उघडलं नाही.

रॉड कडीवर बसला. ईशानी टॅबकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग आधी उडाला, मग कानापर्यंत लाल झाला. भरतेश उठून बसला आणि त्याने टॅब तिच्या हातून घेतला. डावीकडं त्याचं नाव, तीन खांब, बेरीज शहाऐंशी. उजवीकडं सिकंदरचं नाव, त्याच्या हातांखाली चौदा. करडा खांब नव्हता. अज्ञात शून्य.

 ईशानी हळू आवाजात म्हणाली, चूक माझी आहे काका, मी नीट बघायला हवं होतं. सिकंदर जमिनीकडं बघत उभा होता.

"पद्मजावहिनी गेल्यावर तू पहिल्यांदा आलास ना," तो म्हणाला, "त्या दिवसापासनं."

भरतेशने मान वर केली नाही. त्याचं बोट टॅबवरच्या आणखी एका आकड्याशी थांबलं होतं. सिकंदरच्या नावाखालच्या शरीराच्या आकृतीत, कंबरेच्या जागी, लाल अक्षरांत एकशे दोन लिहिलं होतं.

हे काय, असं त्याने विचारलं. ईशानीने सांगितलं, बादलीचाच हिशेब. सिकंदरकाका वाकून, हात पुढं करून ओढतात. हातातले चौदा किलो कंबरेपासून लांब असतात आणि मणक्याला धरून ठेवणारे स्नायू मणक्याला अगदी चिकटून. त्यामुळे बोटांतल्या चौदा किलोंसाठी कंबरेला एकशे दोन किलोंचा जोर लावावा लागतो. दर वेळी.

"दर वेळी," भरतेश म्हणाला. मग सिकंदरकडं वळला. "कंबर कवापासनं दुखतीया तुझी?"

"दुखती कधीमधी."

"वहिनीस्नी इचारू?"

सिकंदर बनियन उतरवू लागला. आता भरतेश काय बोलेल, याची त्याने रात्रभर मनात तयारी केली होती. फसवलंस म्हणेल, तोंड दाखवू नको म्हणेल. भरतेशने टॅब बाकावर ठेवला. तो बोलला तेव्हा आवाज इतका खाली होता की शेजारच्यालाच ऐकू यावा.

"शंभर गेलं खड्ड्यात. पद्मी अशीच बसली सोसत. पोटात दुखतंय म्हणून एक अक्षर बोलली न्हाई, माझा हंगाम चाललेला म्हणून. मला कळलं तवा डाक्टर म्हणालं उशीर झाला." त्याने सिकंदरच्या कंबरेकडं बोट केलं. "आता तू पण तेच करायलायस. तू अंथरुणाला खिळलास तर मी सकाळी उठून कुणाकडं जाऊ, ते सांग."

 भरतेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. सिकंदरला दोन वर्षं वाटत होतं की भरतेशला शंभर किलोंनी उभं ठेवलंय. केवढा मूर्खपणा, असं त्याच्या मनात आलं, आणि मग त्यालाही रडू आवरेना. दोन म्हातारे बाकावर शेजारी बसून रडत होते आणि बाकीचे टक्कल खाजवत दुसरीकडं बघत होते.

त्या संध्याकाळी भरतेश स्वतः बायकांच्या वर्गात जाऊन उभा राहिला. ईशानीने पुण्याला कळवून सूचना मागे घ्यायला लावली होती, पण कागदावर आलेली सूचना कागदावरच राहते हे भरतेशला ठाऊक होतं. माणसांनी पेपरात त्याचा फोटो पाहिला होता, तर माणसांना त्यानेच सांगायला हवं. त्याने सांगितलं. चौथा स्नायू वगैरे काही नाही. हात खांद्यांइतक्या अंतरावर धरा, वजन कमी घ्या, दंडाला काम करू द्या. पोळी लाटतो तसं, असंही तो म्हणाला, आणि हे आपण आयुष्यभर कुचेष्टेने म्हणत आलो हे आठवून ओशाळला. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. रेहाना पुढच्याच रांगेत होती.

"मग भाऊजी, तुमचं शंभर?" तिने विचारलं.

"माझं शहाऐंशी, वहिनी. वरचं तुमच्या नवऱ्याचं."

रेहानाला सगळा उलगडा व्हायला क्षणभर लागला. मग ती दाराशी उभ्या असलेल्या सिकंदरकडं अशी बघायला लागली, की तो बाहेरच सटकला. घरी त्याला काय काय ऐकावं लागलं ते इथं सांगत नाही. एवढं सांगतो, की दोन वर्षांच्या बामाचा हिशेब त्यात होता.

नवतरुणमध्ये त्यानंतर बरीच उलथापालथ झाली. ईशानीने नियमच केला, बळवर्गात आधाराला जो उभा राहील त्यालाही बनियन. एकेकाच्या अज्ञात किलोंना मालक सापडत गेले. एकाचे तीन किलो त्याच्या धाकट्या भावाचे निघाले, तर दोघं भाऊ चार दिवस बोलत नव्हते. मग ज्याचं त्याचं वजन खाली आलं, पकड आखूड झाली आणि तक्रार करता करता सगळ्यांचे खांदे दुखायचे थांबले. दोन्ही बाकांना आता पोलादी खुंट बसवले होते, रॉड अडला तर त्यावर टेकायचा. सिकंदरच्या कंबरेला डॉक्टरने पट्टा दिला होता आणि त्याने रॉडच्या जवळपासही फिरकायचं नाही अशी भरतेशची सक्त ताकीद होती. बादली उचलायची नाही, मोटरसायकल डबल स्टँडवर चढवायची नाही. एकदा तर त्याच्या दुकानात जाऊन भरतेश स्वतः बॅटऱ्या उचलून देत बसला, तेव्हा गिऱ्हाइकांना वाटलं मालक बदलला.

पावसाळा संपता संपता ईशानी शेवटच्या चाचणीसाठी आली. भरतेशने आखूड पकडीत ऐंशी घेतले, झकास गेले. पंच्याऐंशी गेले, जरा कुंथून. त्याने नव्वद लावायला सांगितले. रॉड छातीवर आला, वर सरकला, अर्ध्यावर अडला आणि खुंटांवर टेकला. थोड्या वेळाने पुन्हा घेतला, पुन्हा तिथंच. ईशानीने आकडे बघून सांगितलं, काका, तुमच्या छातीत, खांद्यात आणि दंडात मिळून आज सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी आहेत. त्यापुढं काही शिल्लक नाही. वाईट वाटून घेऊ नका, या वयाला हे खूप आहे.

भरतेशने घाम पुसला. तेवढ्यात सिकंदर आला. सकाळी डॉक्टरकडं गेल्यामुळे त्याला उशीर झाला होता. पट्टा आवळलेला, चाल जरा ताठ. तो नेमून दिलेल्या जागी, दारापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने हात पँटच्या खिशात घातले. हाही हुकूमच होता.

भरतेश पुन्हा बाकावर पडला, हात खांद्यांइतक्या अंतरावर आणले, रॉड उतरवला. छातीला टेकला. वर निघाला. अर्ध्यावर आला आणि थांबला. सिकंदरचे हात खिशांतून बाहेर आले. भरतेशला पडल्या जागेवरून ते कसं दिसलं कोण जाणे, पण त्याने दात आवळून "खिशात" एवढंच म्हटलं. हात परत खिशात गेले. रॉड थरथरला. मग बोटभर वर सरकला, मग आणखी, आणि कडीवर जाऊन बसला.

ईशानीने टॅब दोनदा पाहिला. छाती, खांदा, दंड. बेरीज नव्वद, अज्ञात शून्य. या वेळी सगळंच्या सगळं भरतेशचं होतं. तिन्ही स्नायूंनी थोडं थोडं जास्त दिलं होतं. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी ते कुठं होतं? तिने बनियनच्या पट्ट्या तपासल्या, प्लेटा पुन्हा मोजल्या. शेवटी तिने विचारलं, काका, या वेळी वेगळं काय केलंत?

भरतेश बाकावर उठून बसला होता, धापा टाकत होता. त्याने हनुवटीने दाराकडं दाखवलं.

"आत्ता तो आला न्हवं."